रेशीमच्या कानामागची जट

ललितच्या डोक्यात एखादी गोष्ट घुसली, की ती बाहेर काढायला दुसरी घुसावी लागते. ह्या मार्चमध्ये घुसलं, की कुत्रीचे केस आपण घरीच कापायचे.

"त्यात काय एवढं? व्हिडिओत सगळं दाखवतात," तो बायकोला, म्हणजे साधनाला म्हणाला आणि दोन दिवसांत खोकं दारात हजर. खोक्यात एक ट्रिमर, चार प्रकारचे कंगवे, बोथट टोकाची कात्री आणि निळा एप्रन. एप्रन ललितने तिथल्या तिथे घातला. घरातली निम्मी कामं तो एप्रन घालण्यापर्यंतच करतो.

कुत्रीचं नाव रेशीम. जात ल्हासा. केस पायापर्यंत लोळणारे, डोळे कुठे आहेत ते अंदाजाने ओळखायचं. ती घरात आली तीही ललितच्याच हौसेने. अंबडच्या कंपनीत त्याच्या साहेबाकडे तसलं कुत्रं होतं, म्हणजे इंदिरानगरच्या आपल्या फ्लॅटमध्येही ते पाहिजेच. "रोज विंचरायचं काम माझं," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. आठ दिवस विंचरलं. आठही दिवसांचे फोटो आहेत. नवव्या दिवसापासून कंगवा साधनाच्या हातात आला. साधना शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. परीक्षेचे पेपर तपासायला आले की रेशीमचं विंचरणं राहून जायचं आणि डाव्या कानामागे गुंता वाढत जायचा.

तर त्या रविवारी ललितने मुहूर्त केला. व्हिडिओतली बाई पहिल्याच वाक्यात कळवळून सांगत होती, की गुंता आधी सोडवा, मगच पाणी घाला, नाहीतर ओला गुंता आवळत जातो. पण ललितने व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिला होता. त्याने रेशीमला बादलीत उभी करून दोनदा शाम्पू चोळला आणि साधनाच्या ड्रायरने कडकडीत वाळवली. कानामागचा गुंता आवळून पार दगड झाला. मग ट्रिमर चालू केला. पाठीवर एक पट्टा बरा निघाला, गुंत्याशी येऊन मशीन घुर्र करून अडकलं, रेशीम जिवाच्या आकांताने केकाटली आणि दिवाणाखाली जी शिरली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. ललितने एप्रन काढून ठेवला. पुढचे पंधरा दिवस रेशीम ती गाठ खाजवत राहिली, फरशीवर घासत राहिली, आणि कानाचे, मानेचे केस त्यात ओढले जाऊन त्याचा जाडजूड दोर झाला. चालताना तो तिच्या गुडघ्यावर आपटायचा.

अशात पिंपळगाव बसवंतहून कलाबाई आल्या. कलाबाई म्हणजे ललितची आई. जन्म शेतात गेलेला, त्यामुळे शेजारी उभ्या माणसाशीही बांधावरून बोलल्यासारखं बोलायच्या. दारात पिशवी ठेवतात न ठेवतात तोच त्यांचं लक्ष रेशीमकडे गेलं.

"अगं बया! काय हाल केलेत हिचे! पार जट झालीय की. काप ती आधी!"

समोर लिफ्टमध्ये संध्याताई उभ्या होत्या. संध्याताई सोसायटीच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. निवडणूक कधी झाली ते कोणालाच आठवत नाही. त्यांनी दोर पाहिला, ‘जट’ ऐकलं, आणि कलाबाई ‘काप’ म्हणायच्या आत लिफ्टचं दार बंद झालं. आता जट झाली म्हणजे केस गुंतले. जट आली म्हणजे देवी अंगावर आली, तिला ना फणी लावायची ना कात्री. एका क्रियापदाचा काय तो फरक. चार मजले खाली जाईपर्यंत संध्याताईंनी तो मिटवून टाकला.

दहा मिनिटांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आला: ‘सी विंग, चौथा मजला. रेशीमला जट आली आहे. खुद्द आजींनी ओळखली. दर्शनाची वेळ सकाळी सात ते नऊ. कृपया सोवळं पाळावे.’ खाली हात जोडलेली सव्वीस चित्रं.

साधनाने कपाळावर हात मारला. तिने उत्तर लिहायला घेतलं, ‘अहो, हा नुसता गुंता आहे’, आणि तेवढ्यात ललित धापा टाकत घरात आला. दोन वर्षं लोंबकळलेल्या मॅनेजरच्या जागेसाठी त्याला मुलाखतीचं पत्र आलं होतं. मेल त्याने खाली पार्किंगमध्येच वाचली होती, तिची वेळ पाच वाजून चाळीस मिनिटं. संध्याताईंचा संदेश पाच एकोणचाळीसचा.

"योगायोग आहे," तो म्हणाला. "निव्वळ योगायोग. मी असलं काही मानत नाही, तुला माहितीय."

"मग मी उद्या ते कापते."

"कापायचं तर आहेच की! पण मुलाखत पुढच्या गुरुवारी आहे. तोपर्यंत राहू दे. उगाच कशाला?"

"आणि तिचा कान?"

"कान काय पळून चाललाय?"

दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला बेल वाजली. बी विंगमधले निवृत्त बँक मॅनेजर होते. "मी हे मानत नाही हं," असं आधी बजावून त्यांनी चपला काढल्या आणि गुडघे दुखत असतानाही खाली वाकले. मागोमाग एक इंजिनीयर जोडपं. तेही मानत नव्हतं, पण तिचा प्रोजेक्ट अडकला होता. पाचव्या मजल्यावरचे सोमनाथराव, सोसायटीचे खजिनदार, मानतो की नाही ते बोललेच नाहीत, सरळ डोकं टेकवलं. माणूस प्रामाणिक. संध्याताई खण, नारळ घेऊन आल्या आणि त्यांनी रेशीमची ओटी भरली. रेशीमने खोबऱ्याची वाटी फस्त केली आणि दुपारी गालिच्यावर ओकली.

गाठ ओढत असल्यामुळे तिची मान डावीकडे कलायची. संध्याताईंनी त्याचा कौल केला. प्रश्न विचारल्यावर रेशीमने मान कलवली की होकार. ती बिचारी सारखीच कलवत होती, त्यामुळे त्या आठवड्यात सोसायटीतल्या सगळ्यांची सगळी कामं होणार असं ठरलं.

साधनाने त्या दिवसांत तीनदा कात्री हातात घेतली. पहिल्यांदा तिला कात्री बोथट वाटली. दुसऱ्यांदा उजेड कमी वाटला. तिसऱ्यांदा पेपर तपासायचे होते. फळ्यावर ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ असं लिहून ती दरवर्षी त्याखाली खडूने दोन रेघा ओढते, आणि इथे तिचा हात चालत नव्हता. देवीला ती घाबरत नव्हती. ती घाबरत होती गुरुवारला. मुलाखत फिसकटली आणि जट कापलेली असली, तर ललित तोंडाने काही म्हणणार नाही, तो मानत नाही ना! पण पुढची वीस वर्षं वरणात मीठ जास्त पडलं तरी विषय तिथेच येऊन थांबणार. ह्या भीतीची तिला स्वतःलाच लाज वाटत होती.

रविवारी ललित मुलाखतीसाठी स्वतःचे केस कापून घ्यायला सलूनमध्ये आणि तिथून नवा शर्ट आणायला गेला. कलाबाई गॅलरीत लसूण सोलत बसल्या होत्या.

"पोरी, तुला वास येत नाय का?"

"कसला, आई?"

"त्या कानाचा. आतून पिकलंय ते. मी आल्या दिवशीच म्हणले होते काप म्हणून. तुम्ही शिकलेली माणसं तिची आरती करीत बसलात."

"पण सगळे देवीचं म्हणतात... तुम्हाला नाही भीती वाटत?"

"चाळीस वर्षं झाली मी वणीला जाते. एवढा मोठा गड हाय तिला राहायला. ती काय कुत्रीच्या कानामागं जागा धुंडाळत येणार हाय का?"

साधनाला हसू फुटलं. कलाबाई हसल्या नाहीत. हातातली पाकळी तशीच धरून म्हणाल्या, "माझी चुलत बहीण होती, सिंधू. बारा वर्षांची. डोक्यात अशीच गाठ झाली न् जट आली म्हणले. तेल नाय, पाणी नाय, फणी नाय. कमरेपर्यंत गेली ती. मान वाकडी झाली पोरीची. रात रात रडायची, कापा म्हणायची. मी तिच्या पाया पडले, साधना. माझी मैतरीण ती, अन् मी पाया पडले, कात्री नाय आणली."

साधना उठली आणि आतून कात्री घेऊन आली.

जुनी चादर अंथरली. करडू धरावं तसं कलाबाईंनी रेशीमला दोन्ही गुडघ्यांत धरलं. साधनाने ह्या वेळी व्हिडिओ पाहिला होता, तोही सावकाश. गाठीवर कॉर्नफ्लोअर भुरभुरलं, बोटांनी कडेकडेचे केस मोकळे केले, मग स्टीलचा कंगवा कातडी आणि गाठ यांच्या मधून हळूच सरकवला. कात्री कंगव्याच्या वरून चालवायची, म्हणजे कातडीला लागत नाही. चिमटीएवढे केस एका वेळी. रेशीम एकदा चावली, मग नुसती थरथरत राहिली. "झालं गं माझे बाई, झालं हं," कलाबाई म्हणत होत्या, ते कोणाला म्हणत होत्या कोण जाणे. तास गेला, तेव्हा कुठे जट सुटून चादरीवर पडली. खाली कान लालबुंद, ओला, पू धरलेला. रेशीमने इतक्या जोरात डोकं झटकलं, की तोल जाऊन ती बदकन पडली. उठून पुन्हा झटकलं. मग तिने साधनाचा हात चाटला आणि साधना ढसाढसा रडली.

जनावरांच्या डॉक्टरने थेंब दिले, मलम दिलं आणि वर चार शब्द सुनावले. आणखी आठवडा काढला असता तर कानाची कड गेली असती, म्हणाला. साधनाने मान खाली घालून ऐकून घेतलं.

आणि एवढं सगळं करून घरी आल्यावर तिने काय केलं असेल? कचऱ्याच्या डब्यातून जट उचलली, झटकली, रेशीमच्या डोक्यावरच्या शिल्लक केसांना दोन काळ्या पिनांनी लावून टाकली.

"हे गं काय?" कलाबाई म्हणाल्या.

"गुरुवारपर्यंत, आई. फक्त गुरुवारपर्यंत."

"लबाडी हाय ही."

"हो."

कलाबाईंनी पिन चाचपून पाहिली. "मग नीट तरी लाव. कानाला लागू देऊ नकोस."

गुरुवारी ललित नवा शर्ट घालून रेशीमपुढे बसला. "तसं काही नाही, पण आईला बरं वाटेल," म्हणाला. आई पलीकडे चहा पीत होती आणि तिला काहीही वाटत नव्हतं. त्याने जटेला कुंकू लावलं, डोळे मिटले आणि डोकं टेकवलं. पिन सरकली, पण निभावलं.

त्याच दिवशी जट काढून टाकायची, असं साधनाचं ठरलेलं होतं. पण निकाल पुढच्या बुधवारी लागणार होता. ललित म्हणाला, आता एवढं थांबलो आहोत, तर... आणि साधनाने जट राहू दिली. रोज औषध घालताना ती उतरवायची आणि दर्शनाआधी पुन्हा लावायची. अंबाड्याचं गंगावन लावण्याइतकं ते सवयीचं होऊन गेलं.

बुधवारी ललित मॅनेजर झाला.

संध्याताई आरतीचं ताट घेऊन आल्या, मागे निम्मी सी विंग. जटेला बांधायला त्यांनी चांदीचं घुंगरू आणलं होतं. बांधताना त्यांनी जरा ओढून गाठ मारली आणि अख्खी जट त्यांच्या हातात आली.

घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. एक पिन खरोखरच पडली. कलाबाईंनी तिच्यावर पाय ठेवला. साधनाने बोलायला तोंड उघडलं. हीच वेळ होती. सगळे समोर होते.

"गळाली!" संध्याताई ओरडल्या. "आपोआप गळाली! काम झालं आणि देवी निघाली बघा!"

बायकांनी हात जोडले. ललितच्या डोळ्यांत पाणी आलं. साधनाने तोंड मिटलं. संध्याताईंनी जट तांब्याच्या डबीत ठेवली आणि डबी आपल्या देवघरात नेली. कलाबाईंनी त्या संध्याकाळी साधनाच्या हातचा चहा घेतला नाही.

पुढचे वीस-पंचवीस दिवस बरे गेले. रेशीमचा कान भरला, साधनाने तिचे सगळे केस बोटभर ठेवून एकसारखे कापले आणि तिचे डोळे पिंगट आहेत हे घरातल्यांना पहिल्यांदा समजलं. मे महिन्याच्या उकाड्यात ती पंख्याखाली चारी पाय पसरून सुखाने लोळायची.

एका संध्याकाळी साधना लिफ्टमध्ये शिरली, तर आत सोमनाथराव आणि त्यांची पिंकी. पिंकी म्हणजे कापसासारखी पांढरीशुभ्र पॉमेरेनियन. आज तिची मान डावीकडे कलली होती. कानामागे लिंबाएवढी गाठ.

"सोमनाथराव, हिला विंचरत नाही का तुम्ही?"

"मुद्दाम थांबवलंय, वहिनी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ललितरावांनी पद्धत सांगितली ना. आधी आंघोळ, मग ड्रायर कडक. रोज करतोय. महिन्याभरात जट धरेल म्हणाले. आमच्या थोरलीचं लग्न जमत नाहीये, तुम्हाला तर ठाऊकच आहे. बी विंगमध्ये पण दोघांनी सुरू केलंय. त्यांचं एक तर मांजर आहे."

लिफ्ट तळमजल्याला थांबली. सोमनाथराव बाहेर पडले आणि साधना तीच लिफ्ट घेऊन परत वर गेली. पाच मिनिटांनी खाली आली तेव्हा तिच्या हातात कात्री, कंगवा आणि कॉर्नफ्लोअरचा डबा होता आणि मागे पदर खोचून कलाबाई.

पार्किंगमध्ये बायका गप्पा मारत बसल्या होत्या, संध्याताई मधोमध. ललित नुकताच कंपनीतून येऊन गाडी लावत होता.

"सोमनाथराव, पिंकीला इकडे आणा," साधना म्हणाली. तिचा आवाज वर्गात चढतो तसा चढला होता. "आणि सगळे ऐका. रेशीमची जट गळाली नव्हती. मी कापली होती. मुलाखतीच्या चार दिवस आधी, आमच्या गॅलरीत."

"काहीतरीच काय!" संध्याताई म्हणाल्या. "बुधवारी तर ती माझ्याच हातात..."

"पिनांनी लावली होती. दोन काळ्या पिना. तुम्ही पिनांची आरती केलीत." मग ती ललितकडे वळली. "आणि अहो, तुम्ही पिनांना डोकं टेकवलंत. मी बघत उभी होते. बोलायला पाहिजे होतं, बोलले नाही. माझ्या गप्प बसण्यामुळे हिच्या कानामागे ही गाठ झालीय."

"अन् पिनेवर पाय म्या ठेवला," कलाबाई म्हणाल्या. "माझंबी नाव घ्या."

"पण मग..." सोमनाथराव पुरते गोंधळले होते. "मग ललितरावांचं प्रमोशन?"

सगळ्यांनी ललितकडे बघितलं. एका बाजूला देवी होती आणि दुसऱ्या बाजूला तो स्वतः. निवड करायला त्याला फार वेळ लागला नाही.

"अकरा वर्षं राबलोय मी त्या कंपनीत!" तो उसळून म्हणाला. "रात्रपाळ्या केल्यात! फुकट नाही दिलं कोणी!"

हे बोलताना त्याचं लक्ष पिंकीच्या गाठीकडे गेलं, आणि त्याचा आवाज खाली आला. "ती पद्धत... ती पद्धत नव्हती हो," तो सोमनाथरावांना म्हणाला. "चुकलं होतं माझं ते."

"आणि माझ्या देवघरात काय आहे मग?" संध्याताईंनी विचारलं.

"केस आहेत, संध्याताई. पू लागलेले. टाकून द्या."

संध्याताई उठल्या आणि तरातरा निघून गेल्या. बाकीच्या बायका जागच्या हलल्या नाहीत. साधना तिथेच फरशीवर मांडी घालून बसली. सोमनाथराव पिंकीला छातीशी धरून उभे होते. ती देऊ की नको, असं त्यांना झालं होतं. मग त्यांनी पहिल्यांदाच त्या गाठीला बोट लावलं आणि पिंकी अंग चोरून कण्हली.

"वहिनी," ते म्हणाले, "दुखतंय का हो हिला?"

एवढ्या दिवसांत रोज दारात रांग लागली होती, आणि हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "खूप दुखतंय. बसा खाली आणि मान घट्ट धरा."

सोमनाथराव खाली बसले, पिंकीला मांडीत घेतलं, आणि साधनाने कंगवा कातडीच्या कडेने आत सरकवला.